खाडाखोड राहू द्या

ताई, सप्रेम नमस्कार.

माझं वय ४१. दिवसभराचं काम कीबोर्डवर. पूर्वी कथा लिहायचे, चार-दोन छापूनही आल्या. गेल्या दोन वर्षांत मात्र एकही पुरी झालेली नाही. लॅपटॉप उघडते, पहिला परिच्छेद लिहिते आणि मग तोच सुधारत बसते. दुसरं पान कधी उजाडतच नाही. हाताने लिहून बघ, असं कुणीतरी सुचवलं म्हणून छानशा वह्या आणल्या. पाच झाल्या, पाचही कोऱ्या. त्यांत वेडंवाकडं काही लिहायला हात धजावत नाही.

गेल्या महिन्यात जिवलग मैत्रिणीची आई गेली. तिला पत्र लिहायला बसले. चार ओळींत बोटं भरून आली, माझंच अक्षर मला लागेना, 'आशीर्वाद' लिहिताना रफार कुठे द्यायचा तेही आठवेना. कागद फाडला आणि मोबाइलवरून दोन ओळी पाठवून दिल्या. ते अजून मनाला लागून आहे. त्यात नऊ वर्षांचा मुलगा विचारतो, "तू कुठे हाताने लिहितेस? मग मीच शुद्धलेखन कशाला काढू?" मला उत्तर देता आलं नाही. हाताने लिहिण्यात खरंच काही आहे, की ही नुसती जुन्या दिवसांची ओढ?

– कोरी वही

प्रिय 'कोरी वही',

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. कथा, हात, मुलगा आणि मैत्रीण असे चार विषय त्यात आहेत, पण मला त्यांची गाठ एकाच जागी बसलेली दिसते. पहिला परिच्छेद तुम्ही सुधारत राहता. वह्यांना हात लावत नाही. पत्राचा कागद फाडून टाकता. तिन्ही वेळा तुम्हाला चुकलेलं डोळ्यांसमोर नको असतं. आणि हाताने लिहिण्याचं सगळ्यात मोठं देणं मला जे वाटतं ते हेच आहे, की तिथे चुकलेलं दिसतं आणि दिसत राहतं.

आधी कथेचं बघू.

पडद्यावर आपण शब्द खोडत नाही, पुसतो. पुसलेल्याचा मागमूस राहत नाही. पान कायम छापल्यासारखं नीटनेटकं, अक्षर एकसारखं, समास सरळ. मनात अजून धड न उमललेलं वाक्यसुद्धा तिथे पूर्ण झालेल्या वाक्याच्या कपड्यांत येऊन उभं राहतं आणि आपण त्याला तसंच जोखायला लागतो. मग ते कच्चं आहे म्हणून खटकतं, आणि कच्चं असण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे हे आपण विसरतो. पहिल्याच परिच्छेदावर तुमचं घोडं अडतं ते तुमच्यातली लेखिका संपली म्हणून अडत नाही. तुम्ही मसुदा आणि मुद्रणप्रत एकाच वेळी लिहायला बघताय.

कागदावर काय होतं ते सांगते. माझ्या एका जुन्या मसुद्याचं पान आत्ता समोर आहे. वाक्य साधं आहे, 'आजी दारात उभी होती.' त्यातलं 'उभी' खोडून मी वर 'थांबली' लिहिलं. तेही काटून समासात 'वाट बघत' लिहिलं आणि ते फार आवडल्यामुळे त्याच्याभोवती गोल केला. दोन दिवसांनी पान पुन्हा वाचलं तेव्हा कळलं की वाट बघणं मीच सांगून टाकलं तर वाचणाऱ्याला करायला काही उरत नाही. तो 'उभी' रेघांखाली शाबूत होता. मी त्याच्याखाली टिंबं दिली, म्हणजे खोडलेलं कायम ठेवायचं, आणि समासातला गोल काटला. संगणकावरही मागे जाता येतं, मान्य. पण काय हरवलंय हे ठाऊक असेल तरच माणूस मागे जातो. तो 'उभी' मी पुसला असता तर मला त्याची आठवणही आली नसती.

खाडाखोडीकडे कुरूपपणा म्हणून बघायची आपल्याला शाळेपासून सवय लागलेली असते. रवींद्रनाथ टागोर हस्तलिखितातले खोडलेले शब्द रेघांनी एकमेकांना जोडत जात, आणि त्या जोडण्यातून पक्षी, चेहरे, कुठेच न पाहिलेले प्राणी उमटत. १९२४ च्या सुमारास 'पूरबी'तल्या कविता लिहिलेल्या त्यांच्या वहीत अशी पानं आहेत. पुढे साठी उलटल्यावर ते चित्रकार म्हणून जगापुढे आले आणि १९३० साली पॅरिसमध्ये त्यांच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन भरलं. तुमच्या खाडाखोडीतून चित्रं निघावीत असं माझं म्हणणं नाही. एवढंच, की ज्या जागी आपल्याला पान बिघडलेलं दिसतं, तिथे त्यांचा हात थांबला नाही, खेळत राहिला.

तेव्हा त्या पाच वह्या तूर्त कपाटातच असू द्या. सुंदर वही समोर आली की हात सुंदर वागायला लागतो. पाठकोरे कागद घ्या, एका बाजूला काहीबाही छापलेले आणि दुसरी बाजू मोकळी असलेले. ते आधीच वापरलेले असतात, त्यामुळे बिघडायची भीती नसते. शिवाय लिहायला एकच बाजू मिळते, म्हणून नंतर सगळी पानं जमिनीवर पसरून कथा एका नजरेत बघता येते. डावीकडे रुंद समास सोडा, दोन ओळींत भरपूर जागा ठेवा, प्रत्येक पानावर आकडा आणि तारीख घाला. वीस मिनिटं लिहा. मागचं वाचायचं नाही. शब्द सुचला नाही तर तेवढी रिकामी रेघ ओढून पुढे जायचं. खोडायचं असेल तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी, गिरवून काळं करायचं नाही. मोबाइल दुसऱ्या खोलीत.

कथा शेवटाला पोचली की मगच ती टाइप करायला घ्या. हा टप्पा निव्वळ नकलेचा समजू नका. हाताने लिहिलेलं टाइप करताना दर वाक्य बोटांखालून पुन्हा एकदा जातं, आणि जे वाक्य दुसऱ्यांदा लिहायचा कंटाळा येतो ते बहुधा कथेला नकोच असतं. हे पहिलं संपादन आपसूक होतं. पुढची सगळी कामं, परिच्छेद हलवणं, शोधणं, कुणाला वाचायला पाठवणं, खुशाल लॅपटॉपवर करा. त्या कामांत तो हातापेक्षा सरस आहे आणि ते मान्य करायला मला मुळीच जड जात नाही.

आता हे जुन्या दिवसांची ओढ आहे का, ते बघू. थोडी आहे, आणि असली तर काय बिघडलं? पण नुसती ओढ नाही.

हात हळू चालतो. बोलण्याच्या वेगाच्या तो आसपासही पोचत नाही. त्यामुळे ऐकलेलं सगळं उतरवणं त्याला शक्यच नसतं, निवडावं लागतं, आणि निवडायचं तर आधी समजून घ्यावं लागतं. २०१४ साली अमेरिकेत म्यूलर आणि ओपनहायमर या दोन संशोधकांनी व्याख्यानांच्या टिपणांवर प्रयोग केले. लॅपटॉपवाल्या विद्यार्थ्यांनी जास्त शब्द उतरवले, बरेचसे जसेच्या तसे. हाताने लिहिणाऱ्यांनी कमी उतरवलं, पण संकल्पना तपासणाऱ्या प्रश्नांत ते पुढे होते. हा प्रयोग नंतर इतरांनीही करून पाहिला आणि तेव्हा गुणांमधला फरक तितका ठळक राहिला नाही, म्हणून मी त्याची पताका फडकवणार नाही. टाइप करताना ऐकलेलं शब्दशः उतरवत जायची सवय मात्र नंतरच्या प्रयोगांतही दिसली, आणि ती आपल्यापैकी प्रत्येकाने बैठकीच्या टिपणांत स्वतः अनुभवलेली आहे.

नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमच्या विद्यापीठातलं काम मला अधिक बोलकं वाटतं. तिथे ३६ विद्यार्थ्यांच्या डोक्यावर २५६ विद्युतअग्रांची (इलेक्ट्रोडची) टोपी चढवून मेंदूतल्या लहरी नोंदल्या. तोच शब्द एकदा डिजिटल पेनने लिहायचा, एकदा कीबोर्डवर उमटवायचा. निष्कर्ष २०२४ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाले. पेनने लिहिताना मेंदूच्या वेगवेगळ्या भागांमधला संवाद कितीतरी दाट आणि दूरवर पसरलेला होता. त्यांनी टाइप करायला एकच बोट वापरायला दिलं होतं, आणि आपण काही तसं टाइप करत नाही, हे लक्षात ठेवायला हवं. तरी कारण पटण्यासारखं आहे. कीबोर्डवर 'क' असो की 'ज्ञ', बोटाची हालचाल तीच, दाबायचं. पेनला प्रत्येक अक्षराची वेगळी वाट चालावी लागते.

तुमचा 'आशीर्वाद'च घ्या. मोबाइलवर तुम्ही 'आशी' लिहिता न लिहिता तोच तयार शब्द वर येतो आणि तुम्ही त्यावर बोट टेकवता. तुम्ही तो ओळखता. आठवावा लागत नाही, आणि ओळखणं आणि आठवणं यांत फार अंतर आहे. हाताने लिहिताना आ, मग शी, आणि मग पेच येतो. 'र्' उच्चारायचा 'वा'च्या आधी, पण खूण द्यायची 'वा'च्या डोक्यावर. ती खूण जागेवर पडायची तर शब्द मनात सावकाश म्हणावा लागतो, आ-शीर्-वाद. कितीतरी जण ती 'श'वर देऊन बसतात. हे बारकावे हाताच्या हवाली असतात आणि हात चालेनासा झाला की तेही झिजतात. तुमचे ऱ्हस्व-दीर्घ कुठे गेलेले नाहीत. कोपऱ्यात पडून गंजलेत. रोज पान-अर्धं पान लिहिलंत तर परत येतील, एकदम नाही, एकेक करून.

एक फायदा मात्र मी हाताच्या नावावर जमा करणार नाही. मनातलं दुःख लिहून काढलं की हलकं वाटतं, हे आपण ऐकतो. जेम्स पेनबेकर या मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली सहकाऱ्यासोबत प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस पंधरा-पंधरा मिनिटं लिहायला बसवलं होतं. आयुष्यातल्या आघाताबद्दल, काय घडलं आणि काय वाटलं ते ज्यांनी लिहिलं, त्यांच्या पुढच्या महिन्यांतल्या दवाखान्याच्या खेपा इतरांपेक्षा कमी भरल्या. नंतर टाइप करून लिहिणाऱ्यांनाही असा फायदा झाल्याचं दिसलं. तो गुण लिहिण्याचा आहे. रात्री झोप येत नसेल आणि वही हाताशी नसेल, तर मोबाइलवर लिहा, पण लिहा.

बोटं दुखतात, त्याचं काय? इतक्या वर्षांनी एकदम पत्र लिहायला बसलात, म्हणजे न चालणाऱ्या माणसाने थेट डोंगर चढायला घेतला. शिवाय आपण सवय तुटली की पेन घट्ट धरतो आणि रेटून लिहितो. पान उलटं करून पाठीवरून बोट फिरवून बघा. अक्षरं उठलेली लागली तर तुम्ही फार दाबताय. बॉलपेनची शाई दाट, तेलकट असते आणि टोकाची गोळी फिरायला थोडा दाब लागतोच, म्हणून काही दिवस जेल पेन किंवा शाईचं पेन वापरून बघा. त्यात शाई कागदाला टेकताच आपसूक ओढली जाते, दाबायचं काम उरत नाही. पेन टोकापासून थोडं वर धरा, मनगट आणि कोपर टेबलावर सैल टेकू द्या, नुसत्या बोटांनी न ओढता हात सगळाच थोडा सरकू द्या. वर वीस मिनिटं म्हटलं, पण पहिले आठ दिवस दहा मिनिटांच्या वर जाऊ नका. एवढं करूनही दुखणं राहिलं, मुंग्या आल्या, रात्री हात बधिर झाला, तर डॉक्टरांना दाखवा आणि तोवर लिहिणं थांबवा. संधिवात, कंप, लेखनातली अक्षमता अशा कारणांनी ज्यांना पेन धरवत नाही, त्यांचा कीबोर्ड हाच त्यांचा हात आहे. त्यांच्या लेखनात काही उणं राहतं असं कुणी म्हटलं तर मला ते मुळीच मान्य नाही.

आता मुलगा. तुम्हाला उत्तर देता आलं नाही याचं वाईट वाटून घेऊ नका, त्याचा प्रश्न रास्त आहे. जी गोष्ट मोठी माणसं करत नाहीत ती आपल्याकडून का करून घेतात, हे त्याने विचारायलाच हवं.

उत्तराला आधार हवा असेल तर एक प्रयोग सांगते, मला तो फार आवडतो. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात कॅरिन जेम्स यांनी अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांना अक्षरं शिकवली. काही अक्षरं मुलांनी स्वतःच्या हाताने काढली, काही ठिपक्यांवरून गिरवली, काही कीबोर्डवर दाबली. मग तीच अक्षरं दाखवत त्यांच्या मेंदूचं चित्रण केलं. मोठी माणसं वाचताना मेंदूचे जे भाग वापरतात ते मुलांमध्ये जागे झाले, पण मुलांनी स्वतः काढलेल्या अक्षरांना. गिरवलेल्या किंवा टाइप केलेल्या अक्षरांना तसा प्रतिसाद आला नाही. २०१२ चं हे काम पंधराच मुलांवर झालेलं आहे, तेव्हा त्यातून भलते दावे करायला नकोत. पण त्यांनी सुचवलेलं कारण ऐका. मूल स्वतः अक्षर काढतं तेव्हा ते दर वेळी वेगळं येतं, कधी पोट फुगलेलं, कधी शेपूट लांब, कधी उलटंच. त्या सगळ्या वेड्यावाकड्या रूपांतून त्याला कळतं की अक्षराचं अक्षरपण नेमकं कशात आहे. म्हणजे इथेही शिकवलं ते चुकलेल्या अक्षरांनी.

स्वीडनने २०२३ पासून शाळांत छापील पुस्तकं आणि हस्तलेखन पुन्हा पुढे आणलं, अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने अक्षरं एकमेकांना जोडून लिहायचं कर्सिव्ह लेखन प्राथमिक वर्गांत पुन्हा बंधनकारक केलं. पण ही माहिती नऊ वर्षांच्या मुलाला काय उपयोगाची? त्याला आई लिहिताना दिसायला हवी. तुमची वीस मिनिटं त्याच टेबलावर बसून लिहा. त्याला सांगा, "तुझं बरोबर आहे. मी लिहायचं सोडलं होतं, आता पुन्हा शिकतेय." तुमचं खोडलेलं पान त्याच्यासमोर राहू द्या. त्याच्या वहीत चुकलेला शब्द दहादा लिहायला लावू नका, लिहिणं शिक्षेला जुंपलं की हात त्याच्यापासून पळतो. शुद्धलेखनाला उतारा नको असेल तर त्याला आवडणारं काही लिहू द्या, खेळाचे नियम, मित्राला निरोप, एखाद्या गोष्टीचा त्याने बदललेला शेवट. आणि त्या पाचांतली एक वही त्याला देऊन टाका. तो ती बेधडक भरेल. ते बघून उरलेल्या चार उघडायला तुम्हालाही बळ येईल असं मला मनापासून वाटतं.

मैत्रिणीचं पत्र मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण मला तुमच्याकडून तेच आधी लिहून व्हायला हवं आहे.

माझे वडील गेले तेव्हा एका मैत्रिणीचं पत्र आलं होतं, जेमतेम सहा ओळींचं. तिसऱ्या ओळीत तिने 'काका' लिहून खोडलंय आणि पुढे पुन्हा 'काका'च लिहिलंय. तिला दुसरं काही लिहायचं होतं का, हे मी कधी विचारलं नाही. पण त्या जागी तिचा हात थांबला होता, माझ्या वडिलांपाशी थांबला होता, हे मला दर वेळी दिसतं. त्या दिवसांत आलेले मेसेज प्रेमाचेच होते, मी त्यांना कमी लेखत नाही. पण आज त्यांतला एकही मला आठवत नाही, आणि तो खोडलेला 'काका' मी अजून बोटाने चाचपून बघते.

तुम्ही फाडलेल्या कागदावर असंच काहीतरी होतं. बोटं भरून आल्याने वाकडं झालेलं अक्षर, आईला आठवताना अडलेला रफार. तुमच्या मैत्रिणीला त्यात घाण अक्षर दिसलं नसतं.

महिना झाला म्हणून उशीर झाला असं समजू नका. पहिल्या आठवड्यात घर माणसांनी भरलेलं असतं. आता सगळे आपापल्या कामाला लागलेत आणि ती एकटी आहे. साधा कागद घ्या, आजची तारीख घाला. उशिराची माफी मागण्यात पहिली ओळ घालवू नका. पहिल्याच ओळीत तिच्या आईची एक आठवण लिहा, तुम्हीच पाहिलेली, दुसऱ्या कुणाकडे नसलेली. त्या काय म्हणायच्या, तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारायच्या, दारातून आत येताना काय विचारायच्या. पाच ओळी पुष्कळ झाल्या. 'आशीर्वाद' लिहायचा असेल तर रफार 'वा'वर. चुकला तर एक रेघ मारून पुढे पुन्हा लिहा, कागद बदलू नका.